साक्षीदार कोणाचा?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ही म्हण केली त्याच्या काळी घर म्हटले की दगड, माती, सागाचे वासे आणि सुतार यांच्याशी गाठ असे. आज घर बांधायचे नसते, घ्यायचे असते. आणि गाठ पडते ती कागदाशी. पैशाची जुळवाजुळव, बँकेचे हेलपाटे, सातबारा, फेरफार, बिनशेतीचा हुकूम या सगळ्यांतून तावून सुलाखून निघालेला माणूस अखेरच्या पायरीवर ज्या गोष्टीसाठी अडतो ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे. त्याला दोन माणसे हवी असतात. त्याला ओळखणारी, आणि कामाच्या दिवशी रजा काढून सहीला येणारी. अशी दोन माणसे मिळत नाहीत. म्हणून ती भाड्याने घेतली जातात. या भाडोत्री साक्षीविषयी मला लिहायचे आहे, आणि गोड लिहायचे नाही.

मी राहतो तो कासारसाईचा परिसर. मुळशी तालुक्यातले हे गाव मावळच्या शिवेला लागून आहे. एकीकडे धरणाचे पाणी, जवळच संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचे धुराडे, आणि पूर्वेकडे थोड्याच अंतरावर हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती. हिंजवडी वाढली आणि या बाजूच्या मातीला भाव आला. कालपर्यंत एकरांत बोलली जाणारी जमीन गुंठ्यांत बोलली जाऊ लागली. येथे घर घेणारा कोणी लातूरचा असतो, कोणी बेळगावचा, कोणी पाटण्याचा. शेजारी कोण हे त्याला घर घेतल्यावर कळायचे. मग घर घेण्यापूर्वीच त्याला ओळखणारे दोघे त्याने आणायचे कोठून?

माझ्या खरेदीखताच्या वेळी हा अनुभव मी घेतला. एका स्नेह्याने शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे सुभाषित ऐकवून अंग काढून घेतले. दुसऱ्याने कागद न पाहताच होकार दिला आणि आदल्या रात्री नकार कळविला. दलाल मात्र निर्धास्त होता. "कशाला कोणाच्या पाया पडता साहेब? आपली माणसे आहेत तिथं," असे तो म्हणाला. ती "आपली माणसे" मी पाहिली. नोंदणी कार्यालयाच्या पायरीशी दोघे उभे होते. त्या सकाळी माझ्यासमोर त्यांनी चार दस्तांवर ओळख दिली. चारही दस्तांतली माणसे त्यांनी त्याच दिवशी प्रथम पाहिली असावीत. मी हट्टाने माझे दोन ओळखीचे आणले. त्यांतला एक रात्रीच्या एस. टी.ने साताऱ्याहून आला, दुसऱ्याची एक दिवसाची रजा खर्ची पडली. कार्यालयाला त्याचे सुखदुःख काही नव्हते. माझे साक्षीदार आणि पायरीवरचे साक्षीदार त्या यंत्राला सारखेच. दोघांचेही छायाचित्र निघते, दोघांचाही अंगठा उमटतो, दोघांचीही नावे दस्ताबरोबर कायमची राहतात.

आता त्या छापील पानावर काय असते ते पाहा. महाराष्ट्रातल्या कोणत्याही नोंदलेल्या दस्ताच्या अखेरच्या पानांत हे वाक्य सापडते: खालील इसम असे निवेदित करतात की, ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. "व्यक्तिशः" हा शब्द मी मुद्दाम दोनदा वाचला. कारकुनाने तो सहज घातलेला नाही. त्या शब्दावरच पानाचा सारा अर्थ उभा आहे. आणि आपल्या राज्यात रोज किती वेळा हा शब्द खोटा ठरत असेल याचा विचार वाचकांनी आपल्याच दस्ताकडे पाहून करावा. माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम खर्च करून जे घर घेतो, त्याच्या पायाचा पहिला दगड सरकारी साक्षीने, सरकारी शिक्क्याने, खोट्यावर बसतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटले त्यालाच आपण "फॉर्मॅलिटी" म्हणतो, आणि हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या आडोशाला कोणतेही असत्य सुखाने नांदते.

यावर कोणी म्हणेल, कायद्यालाच साक्षीदार लागतो; बिचारे कार्यालय काय करणार? या भ्रमाचा निकाल आधी लावला पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या कलम ५४ मध्ये स्थावराची विक्री कशी व्हावी हे सांगितले आहे. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीचे स्थावर असेल तर नोंदलेला दस्त हवा, एवढेच ते कलम म्हणते. दोन साक्षीदारांची अट त्यात नाही. ती अट गहाणखताला आहे, कलम ५९ मध्ये. बक्षीसपत्राला आहे, कलम १२३ मध्ये. मृत्युपत्राला आहे, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये. खरेदीखतावर दोन सह्या घेण्याची वहिवाट जुनी आहे आणि पुढे तंटा झाला तर ती उपयोगीही पडते. पण ती वहिवाट आहे, कायद्याची अट नव्हे. राहिली ओळख. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम ३४ म्हणते की समोर आलेला माणूस तोच आहे याविषयी नोंदणी अधिकाऱ्याने स्वतःची खात्री करून घ्यावी. स्वतःची. खात्री करण्याचे कर्तव्य अधिकाऱ्याचे आहे. ते त्याने आपल्या खांद्यावरून उतरवून नागरिकाच्या खांद्यावर ठेवले, नागरिकाने ते दलालाच्या खांद्यावर दिले, आणि दलालाने पायरीवरच्या दोघांच्या. तीस लाखांच्या वरच्या घराला ३०,००० रुपये नोंदणी फी घेणाऱ्या खात्याने ओळख पटविण्याचे एवढे एक काम स्वतः करावे, ही मागणी अवास्तव आहे काय?

पण माझे भांडण एवढ्यावर संपत नाही. एवढ्यावर संपले असते तर ते गैरसोयीचे गाऱ्हाणे झाले असते, आणि गाऱ्हाण्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे आहे की ओळख आणि साक्ष या दोन अगदी निराळ्या गोष्टी आपण एकाच भाडोत्री माणसात कालवल्या, आणि त्यामुळे दोन्ही हरवून बसलो. ओळख म्हणजे हा माणूस कोण याचे उत्तर. साक्ष म्हणजे या माणसाने हे समजून, उमजून, आपल्या मनाने केले काय याचे उत्तर. पहिल्या प्रश्नाला कागद उत्तर देऊ शकतो, यंत्रही देऊ शकते. दुसऱ्या प्रश्नाला माणसाशिवाय उत्तर नाही.

आपल्या पूर्वजांना हा फरक कळत होता. जुन्या मराठीत साक्षीदाराला गोही म्हणत. वतनाचा वा शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई, आणि निवाड्याचा महजर होई तेव्हा त्यावर हाजीर मजालशीची नावे पडत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. ज्याचे जे हत्यार ती त्याची सही. त्या सहीला वजन होते, कारण सही करणारा उद्याही त्याच गावात राहणार होता. खोटी साक्ष दिली तर त्याच पाणवठ्यावर, त्याच देवळाच्या पारावर त्याला तोंड दाखवायचे होते. मी या व्यवस्थेच्या आरत्या ओवाळीत नाही. त्या सभेत बाई नव्हती. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण शिवेची त्याच्याइतकी माहिती कोणालाच नसे. आणि जे गाव त्याच्या शब्दावर आपली हद्द ठरवी तेच गाव त्याला हद्दीबाहेर राहायला लावी. असल्या गावगाड्याकडे परत जा असे सांगणारा मी नव्हे. पण साक्ष देणारा परिणामाला बांधलेला असला पाहिजे एवढे तत्त्व त्यात होते. पायरीवरचा साक्षीदार कशालाच बांधलेला नाही. त्याने दुपारचा चहा घेण्याच्या आत तुमचे नाव विसरलेले असते.

मग इंग्रजी आले, कागद आला, आणि सावकाराचा कागद आला. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यात, सुपे येथे, बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख खतांवर आणि वह्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. अडाणी म्हणून हिणवलेल्या त्या माणसांना कोणती वस्तू जाळायची हे बरोबर ठाऊक होते. त्या खतांवर साक्षीदार नव्हते असे नाही. साक्षीदार होते. पण ते कोणाचे होते? लिहिणारा सावकाराचा, वाचणारा सावकाराचा, साक्षीला बसणारा सावकाराच्या ओट्यावरचा; आणि अंगठा तेवढा शेतकऱ्याचा. इंग्रज सरकारला हे कळायला चौकशी मंडळ नेमावे लागले, पण कळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याच्या दस्तासाठी गावनिबंधक नेमण्याची तजवीज झाली. त्याने माणसाची ओळख पटवून घ्यायची, दस्त आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मग आपल्यासमोर सही वा अंगठा घ्यायचा. पुढे तो कायदा गेला, गावनिबंधकही गेला. पण परक्या सरकारच्या कायद्यात एक गोष्ट मान्य झाली होती, ती स्वराज्यातल्या कार्यालयात आज शोधावी लागते. ती गोष्ट अशी: जबरदस्ताने आणलेला साक्षीदार हा दुबळ्याविरुद्धचा पुरावा असतो; म्हणून साक्षीला उभा राहणारा दुबळ्याच्या बाजूचा असला पाहिजे.

मुळशीला तर हे निराळे सांगायला नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तेव्हा खाचरात राबणारा मावळा एक होता, आणि कागदावरचा मालक पुष्कळ ठिकाणी पुण्यातला सावकार होता. धरण झाले तर मावळ्याची भुई बुडणार होती, सावकाराला भरपाई मिळणार होती. कित्येक सावकारांनी भरपाईचा मार्ग धरला. कागद ज्याचा, पैसा त्याचा. त्या कागदांवरही कोणीतरी साक्षीदार म्हणून सह्या केल्या असतीलच!

आता आजच्या काळात या. सावकाराची जागा आज पुष्कळदा घरच्याच माणसाने घेतली आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून बदल झाला आणि मुलगी जन्मानेच मुलाइतकीच सहदायाद झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क आणखी स्पष्ट केला. २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे ही शंकाही उरली नाही. कायद्याने जे एका हाताने दिले ते आपण दुसऱ्या हाताने परत घेतो, आणि त्या दुसऱ्या हाताचे नाव हक्कसोडपत्र. जमिनीला जितका भाव चढतो तितकी बहिणीची आठवण भावाला अधिक येते. दिवाळीला ओवाळणी घालताना कधी गाडी न पाठविणारा भाऊ नोंदणीच्या दिवशी दारात गाडी उभी करतो.

असाच एक प्रसंग माझ्यापुढे आला. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला साक्षीला बोलावले. पाच मिनिटांचे काम आहे, म्हणाले. गेलो तर साठीच्या एक बाई बाकावर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हातात नव्या साडीची पिशवी. दस्त हक्कसोडपत्राचा होता. सही करण्यापूर्वी मी त्यांना विचारले, "मावशी, यात काय लिहिलंय ते तुम्हांला कोणी वाचून दाखवलं का?" त्यांनी माझ्याकडे न पाहता भावाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दादा सांगंल तिथं अंगठा करायचा." मी भावाला म्हणालो, आधी वाचून दाखवू, मग सही करतो. तो रागावला नाही. हसला. "तुम्ही राहू द्या," एवढेच म्हणाला. मी सही केली नाही. त्याने त्या बाईचे काही वाचले असे मात्र नाही. पायरीवरचा माणूस दोन मिनिटांत आत आला. दस्तात आज त्याचे छायाचित्र आहे, आणि तो त्या मावशीला व्यक्तिशः ओळखतो अशी सरकारदरबारी नोंद आहे.

सगळे भाऊ असे नसतात आणि स्वखुशीने वाटा सोडणाऱ्या बहिणीही पुष्कळ आहेत, हे मला मान्य आहे. माहेर तुटू नये म्हणून बाई जे सोडते त्याचा हिशेब वकिलाच्या भाषेत मांडता येत नाही. पण स्वखुशी होती की नव्हती हे सांगायलाच तर साक्षीदार असतो! ज्या एका दस्तात साक्षीला खरोखर अर्थ आहे तेथेच तो सर्वांत स्वस्त मिळावा, ही आपल्या व्यवहाराची खरी लाज आहे. खरेदीखतात घेणारा निदान डोळे उघडे ठेवून येतो. पैसे त्याचे असतात. हक्कसोडपत्रात, बक्षीसपत्रात, म्हाताऱ्या आईबापांच्या कुलमुखत्यारपत्रात देणाऱ्याचे डोळे बहुधा दुसऱ्याच्या हातात असतात.

या प्रश्नावर यंत्र हे रामबाण औषध आहे असे सांगणारा एक वर्ग आहे. भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीत बोटाचा ठसा आधारशी ताडून पाहतात, तसेच सर्वत्र करा, साक्षीदाराची ब्याद टळेल, असे ही मंडळी म्हणतात. यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. ओळख यंत्राने पटवावी. कासारसाईत नव्याने आलेल्या माणसाला दोन ओळखीच्यांसाठी वणवण करायला लावू नये. पण उरलेले अर्धे म्हणणे धोक्याचे आहे. त्या मावशीचा अंगठा यंत्राने अचूक ओळखला असता. ही बाई तीच आहे, असे यंत्राने छातीठोकपणे सांगितले असते. आणि यंत्राला एवढेच सांगता येते. तिला काय लिहिले आहे ते कळले नव्हते, हे ओळखायला तिने भावाकडे टाकलेली नजर पाहावी लागते. ती नजर टिपणारे यंत्र निघालेले नाही.

दुसरा एक वर्ग माझ्यासारख्यांना व्यवहारशून्य म्हणतो. कार्यालयात गर्दी किती, कर्मचारी किती, प्रत्येक दस्त वाचून दाखवीत बसले तर दिवसाला चार दस्त होतील, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्येक दस्त वाचा असे मी म्हणतच नाही. कंपनीने छापलेल्या करारनाम्याची नोंदणी खुशाल यंत्रावर होऊ द्या. त्यातून वाचलेला वेळ जेथे माणूस मोबदल्याशिवाय आपला हक्क सोडतो आहे अशा दस्तांना द्या. तेथे नोंदणी अधिकाऱ्याने करून देणाऱ्याला घटकाभर इतरांपासून बाजूला घ्यावे, दस्ताचा सारांश त्याच्या बोलीत सांगावा, आणि समजले का म्हणून विचारावे. दोन साक्षीदारांपैकी एक तरी करून देणाऱ्याने स्वतः निवडलेला असावा, आणि तो दस्त लिहून घेणाऱ्याचा नातलग, नोकर वा दलाल नसावा. आणि "व्यक्तिशः ओळखतात" हे वाक्य जेथे खरे नसेल तेथे छापू नये. यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. खात्री करण्याचे जे कर्तव्य १९०८ पासून कायद्यात लिहिलेले आहे, ते पार पाडण्याची इच्छा तेवढी हवी.

राहिलो तुम्ही आणि मी. सरकारला चार शब्द सुनावून मोकळे होणे सोपे आहे. पण पायरीवरचा तो माणूस सरकारने जन्माला घातलेला नाही. आपल्या सुशिक्षित समाजाने साक्षीला जाणे टाळले, म्हणून त्याचा धंदा चालला. मित्राच्या लग्नात आपण अक्षता टाकतो, त्याच्या वास्तुशांतीला पंगतीला बसतो, पण त्याच्या खरेदीखतावर सही म्हटले की आपल्याला कोर्ट आठवते. वेदान्तात साक्षीला मोठे स्थान आहे: सर्व पाहणारा आणि कशातही न गुंतणारा. आपण त्यातले न गुंतणे तेवढे उचलले आणि पाहणे सोडून दिले. म्हणून माझी वाचकांना विनंती अशी की कोणी साक्षीला बोलावले तर जा. रजा खर्ची पडली तर पडू द्या. पण रिकाम्या डोळ्यांनी जाऊ नका. कागद वाचा, करून देणाऱ्याशी बोला, आणि तो उत्तरासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला तर पेन खिशात परत ठेवा. तुमची सही नाकारली जाईल, दुसरा माणूस आत येईल, दस्त होऊनही जाईल. तरीही त्या बाकावर बसलेल्या बाईला निदान एकदा कोणीतरी विचारलेले असेल, की मावशी, यात काय लिहिलंय ते तुम्हांला ठाऊक आहे का?